परत आलेले डबे

डबा परत आला की मला पोर कळतं.
सत्तेचाळीस डबे, झाकणावर मार्करनं नंबर.
अकरा नंबर उदगीरचा बसवराज:
आमटी तशीच, भात चिवडलेला,
म्हणजे परवा पेपर.
तेवीसवाली सुनयना वळवी, नवापूरची,
महिनाअखेरीला पोळ्या दोनच खाते;
घरून पैसे यायचे राहिले की
तिला माझं अन्न जड होतं.
मी वहीत तिच्या नावापुढं आधीच लिहून ठेवते
'पुढच्या महिन्यात',
आणि वही उघडी टाकते कट्ट्यावर,
तिला दिसेल अशी.

आया फोन करतात,
जालन्याहून, चंदगडहून:
"ताई, जेवतो ना हो?"
मी सांगते, खरं तेच सांगते,
आणि फोन ठेवून
स्वतःच्या पोराचं ताट उचलते.

प्रणितचं ताट लख्ख.
कोशिंबिरीचं पाणीसुद्धा पुसून घेतलेलं.
सहा महिने ते ताट बघून
मी निवांत झोपले.

मग कॉलेजचा मेसेज आला, इंग्रजीत.
हे चाकणला रात्रपाळीला,
म्हणून रिकामा डबा घेऊन आलेल्या सुनयनालाच
वाचायला दिला.
तिनं आधी मनात वाचला.
"काकू, हजेरी बावीस टक्के आहे."
आणि मग, जणू चूक तिचीच,
"गणितातही राहिलाय."

रोज सकाळी साडेसातला
पाठीवर बॅग लावून निघत होता.
कुठं?

तोंडापर्यंत शब्द आले होते,
सगळे माझ्या बापाचे.
फी किती भरली ठाऊक आहे का,
समोरच्यांची पोरगी बघ.
कणीक तिंबत राहिले.
त्या दिवशी पोळ्या इतक्या मऊ झाल्या
की तिघांनी डब्यात चिठ्ठी पाठवली.

संध्याकाळी म्हटलं,
"विठ्ठलवाडीचे डबे आहेत. मागं बस, पिशवी धर."
स्कूटरवर एक बरं असतं,
एकमेकांची तोंडं दिसत नाहीत.
कर्वेनगरच्या सिग्नलला मी गप्प,
तोही गप्प, फक्त डबे वाजत होते.
राजाराम पुलावर वारा लागला.
मागून आवाज आला, निम्मा वाऱ्यात गेलेला:
"इथं उभा राहायचो मी. दुपारपर्यंत."

ब्रेकवर बोटं गेली.
गाडी थांबवली नाही.
थांबले असते तर वळले असते,
वळले असते तर रडले असते,
आणि मग त्यानंच मला समजावलं असतं,
ताट लख्ख करून.

"बरं," म्हटलं. "अजून सांग."

सांगितलं त्यानं.
फळ्यावरचं काहीच आपलं वाटत नाही,
डबा उघडून शेजारी बसावं असं कुणी नाही,
आणि तुम्ही दोघं एवढं राबता म्हणून...
इथं एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.
ते वाक्य मी पुन्हा मागितलं नाही.
परत येताना वारज्याकडून लांबचा रस्ता घेतला.
पेट्रोल गेलं, जाऊ दे.

हे सकाळी आले, तेव्हा दारातच सांगितलं.
बराच वेळ बूट काढत राहिले.
मग म्हणाले, "वर्ष गेलं तर गेलं.
वर्ष म्हणजे काय, तीनशे पासष्ट डबे.
आपण आठवड्यात करतो तेवढे."

गुरुवारी त्याच्याबरोबर कॉलेजात गेले.
समुपदेशनवाल्या मॅडमच्या खोलीत तो एकटा गेला,
मी बाहेर बाकावर.
आत जाऊन त्याच्या वतीनं बोलायला
जीभ वळवळत होती;
तिला फुटाण्यांत गुंतवलं.
चाळीस मिनिटं. पुडी संपली.
बाहेर आला, म्हणाला, "पुढच्या गुरुवारी परत यायचंय.
तू नाही आलीस तरी चालेल."
लागलं थोडं. लागू दे.

आज त्यानं अर्धी पोळी टाकली.
वांगी काठाला सारली.
"मला आवडत नाहीत. कधीच आवडत नव्हती."
एकोणीस वर्षं खाल्ली पोरानं.

खरकटं ताट हातात घेऊन
मोरीपाशी उभी राहिले, नळ न सोडता.
विचारलं, "उद्या काय करू?"
"बघू," म्हणाला.
बघू तर बघू.